इंग्रजीत आपण नेमके कुठे चुकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संध्याकाळी मोठ्या माणसांचे इंग्रजीचे वर्ग घेते. बँकेत काम करणारे येतात, परदेशी निघालेल्या नर्स येतात, अमेरिकेत नातवंडांकडे जायचं म्हणून आज्या येतात, नुकतेच नोकरीला लागलेले इंजिनिअरही येतात. माणसं निरनिराळी, पण चुका सगळ्यांच्या जवळपास त्याच. कारण त्या चुकीच्या इंग्रजी वाक्याखाली बहुतेक वेळा एक अगदी शुद्ध मराठी वाक्य दडलेलं असतं. ते वाक्य सापडलं की चूक का होते ते कळतं आणि मग ती सुधारते. म्हणून इथल्या बहुतेक उत्तरांत आधी मराठीकडे पाहिलं आहे. इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहिली आहेत, म्हणजे वाचताना मोठ्यानं म्हणून पाहता येतील.

शाळेत व्याकरण पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते. मग बोलताना का चुकतं?

आपल्यातले अनेकजण पाचवीपासून इंग्रजी शिकले. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पण पाचवीपासून असो की पहिलीपासून, परीक्षेत काम असायचं ते वाक्य बदलण्याचं: ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा. बोलताना मात्र समोर तयार वाक्य नसतं. मनात मराठी वाक्य उमटतं आणि आपण शब्दाला शब्द ठेवत जातो. व्याकरणाचा नियम आठवेपर्यंत वाक्य तोंडातून बाहेर पडलेलं असतं. त्यामुळे नियमांची यादी पुन्हा पाठ करून फार उपयोग होत नाही. आपलं मराठी वाक्य कुठे वेगळ्या वाटेनं जातं, ती ठिकाणं ओळखून ठेवली तर होतो.

‘ओपन द टीव्ही’, ‘क्लोज द फॅन’ यात काय चुकलं? अर्थ तर कळतो.

अर्थ कळतो, पण इंग्रजीत टीव्ही आणि पंख्यासाठी ‘टर्न ऑन’, ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑन’, ‘स्विच ऑफ’ म्हणतात. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ दारासाठी, पुस्तकासाठी, डब्यासाठी.

या प्रश्नाच्या पोटात मोठा विषय आहे, म्हणून इथे जरा थांबते. मराठीत काही क्रियापदं घरच्या मोठ्या सुनेसारखी सगळी कामं अंगावर घेतात. “लाव” हेच बघा. दार लाव म्हटलं की दार बंद होतं आणि टीव्ही लाव म्हटलं की टीव्ही सुरू होतो. क्रियापद एकच, परिणाम अगदी उलटे! शिवाय गजर लावतो, कुकर लावतो, झाड लावतो, मलम लावतो, दाराशी पेपर लावतो. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे: ‘क्लोज द डोअर’, ‘टर्न ऑन द टीव्ही’, ‘सेट द अलार्म’, ‘पुट द कुकर ऑन’, ‘प्लँट अ ट्री’, ‘अप्लाय द ऑइंटमेंट’, ‘सबस्क्राइब टू द पेपर’.

“काढ” तसंच. फोटो काढणं ‘टेक अ फोटो’, बूट काढणं ‘टेक ऑफ युअर शूज’, चित्र काढणं ‘ड्रॉ अ पिक्चर’, बँकेतून पैसे काढणं ‘विथड्रॉ मनी’, तिकीट काढणं ‘बाय अ टिकेट’, विषय काढणं ‘ब्रिंग अप अ सब्जेक्ट’, वेळ काढणं ‘मेक टाइम’. वर्गात कुणी ‘रिमूव्ह माय फोटो’ म्हटलं की मी विचारते, भिंतीवरचा उतरवायचा आहे का?

आणि “लागणं”. भूक लागली ‘आय ॲम हंग्री’. वेळ लागतो ‘इट टेक्स टाइम’. नोकरी लागली ‘शी गॉट अ जॉब’. डोळा लागला ‘आय डोझ्ड ऑफ’. ठेच लागली ‘आय स्टब्ड माय टो’. आंबा गोड लागतो ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’. “मला बस लागते” याचं तर शब्दशः भाषांतर होणारच नाही. तिथे ‘आय गेट ट्रॅव्हल-सिक’ म्हणायचं.

उपाय म्हणून एक वही करा. तिच्या तीन पानांवर लावणं, काढणं, लागणं अशी शीर्षकं घाला आणि घरात दिवसभर कानावर पडणारी वाक्यं त्यांखाली टिपत जा. शेजारी इंग्रजी क्रियापद लिहा. महिनाभरात पानं भरतात आणि मग ‘ओपन द टीव्ही’ तोंडात येत नाही.

‘आय हॅड गॉन टू पुणे लास्ट वीक’ बरोबर आहे ना?

नाही, पण चूक कुठून आली ते स्पष्ट दिसतं. आपण म्हणतो, “मी मागच्या आठवड्यात पुण्याला गेलो होतो.” जाऊन परत आलो, म्हणून “होतो” लावतो. मराठीत ते योग्यच आहे. इंग्रजीत एकट्या भूतकाळाच्या गोष्टीला ‘हॅड’ लागत नाही: ‘आय वेंट टू पुणे लास्ट वीक.’

‘हॅड’ यायला दोन भूतकाळी घटना लागतात, आणि त्यांतली आधी घडलेली सांगायला ते येतं. “मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती”: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ पोचणं नंतरचं, सुटणं आधीचं.

‘काल’ बरोबर ‘हॅव’ का चालत नाही?

“मी काल त्याला भेटलोय” असं आपण सहज म्हणतो, म्हणून ‘आय हॅव मेट हिम येस्टरडे’ येतं. इंग्रजीत काल, गेल्या वर्षी, २०१८ साली अशी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ: ‘आय मेट हिम येस्टरडे.’ वेळ सांगायची नसेल, नुसतं “भेटलोय मी त्याला” एवढंच म्हणायचं असेल, तर ‘आय हॅव मेट हिम’ अगदी बरोबर.

याला लागूनच ‘डिड नॉट वेंट’. मराठीत “तो गेला नाही” म्हणताना भूतकाळ “गेला”मध्ये असतो. इंग्रजीत तो ‘डिड’कडे जातो आणि क्रियापद मूळ रूपात राहतं: ‘ही डिड नॉट गो.’ भूतकाळ एका वाक्यात एकदाच दाखवायचा.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांत नेहमी घोळ होतो.

कारण आपल्याकडे दोन्हींसाठी “पासून” हा एकच शब्द आहे. सोमवारपासून आणि पाच वर्षांपासून. इंग्रजी यात फरक करतं. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’: ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स २०१५’. किती काळ गेला ते सांगायचं तर ‘फॉर’: ‘फॉर फाइव्ह इयर्स’.

“मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय” या वाक्यात मात्र दोन खड्डे आहेत. बहुतेकजण म्हणतात, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ तर हवंच, पण क्रियापदही बदलायला हवं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ आधी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम ‘हॅव बीन’नं सांगतात. नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य हमखास येतं, म्हणून एवढं एक तरी शंभर वेळा म्हणून ठेवा.

रोजची सवय सांगताना ‘आय यूज्ड टू वॉक डेली’ म्हणू का?

आता चालत असाल तर म्हणू नका. त्याचा अर्थ “मी रोज चालायचो”, म्हणजे आता सोडलं. “चालतो” ते ‘आय वॉक’, “चालायचो” ते ‘आय यूज्ड टू वॉक’. इथे मराठी आपल्या मदतीला उभी आहे: क्रियापदाला “-यचो, -यची” जोडता येत असेल तरच ‘यूज्ड टू’.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ का चूक?

असणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं, समजणं या घडणाऱ्या क्रिया नसून स्थिती आहेत, आणि स्थितीला इंग्रजीत सहसा ‘इंग’ लावत नाहीत. ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय नो’, ‘आय अंडरस्टँड’. “मला समजतंय” मधलं “तंय” ‘अंडरस्टँडिंग’ असं उतरवायचा मोह होतो, तो टाळा. ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र चालतं, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं, आणि जेवणं ही क्रिया आहे.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ कुठे घालायचं हे आयुष्यात कधी समजणार का?

समजेल. लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवा. “आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.” राजा पहिल्यांदा आला तेव्हा “एक राजा”, म्हणजे ‘अ किंग’. दुसऱ्यांदा आला तेव्हा तो ओळखीचा झाला, “त्या राजाला”, म्हणजे ‘द किंग’. ऐकणाऱ्याला नवीन ते ‘अ’, आणि कोणतं ते त्याला कळतं ते ‘द’. निम्म्याहून जास्त प्रसंग एवढ्यानं निभावतात.

मराठीत जिथे “एक” येतच नाही, तिथे मात्र सांभाळायला हवं. “माझी बहीण शिक्षिका आहे.” आपण “एक शिक्षिका” म्हणत नाही, पण इंग्रजीत ‘माय सिस्टर इज अ टीचर’ म्हणावंच लागतं. एका माणसाचा व्यवसाय सांगताना ‘अ’ विसरू नका.

‘अ’ की ‘ॲन’ हे स्पेलिंगवर ठरत नाही, उच्चारावर ठरतं. ‘अ युनिव्हर्सिटी’, कारण सुरुवात “यु”नं होते. ‘ॲन अवर’, कारण ‘एच’ मुका आहे. ‘ॲन एमएलए’, पण ‘अ मेंबर’.

ठिकाणांच्या नावांत नद्या आणि डोंगररांगांना ‘द’ लागतो, एकट्या शिखराला आणि बहुतेक राज्यांना, देशांना लागत नाही. ‘द गोदावरी’, ‘द सह्याद्रीज’, पण कळसूबाई आणि महाराष्ट्र नुसतेच. देशांत ‘द नेदरलँड्स’, ‘द युनायटेड स्टेट्स’ हे अपवाद.

‘डिस्कस अबाउट’ सगळेच म्हणतात. तेही चूक?

चूकच. “या विषयावर चर्चा करू” यातला “वर” आपण इंग्रजीत घुसवतो. ‘डिस्कस’च्या पोटात तो आधीच आहे: ‘लेट अस डिस्कस द मॅटर.’ तसंच ‘रीच द स्टेशन’ (‘टू’ नको), ‘एंटर द रूम’ (‘इन’ नको), ‘आन्सर द क्वेश्चन’ (‘टू’ नको).

याच्या उलट काही क्रियापदांना शेपूट लागतं आणि आपण ते तोडतो. “गाणं ऐक” मध्ये मध्ये काही नाही, पण ‘लिसन टू द साँग’. “बसची वाट पाहतोय” म्हणजे ‘वेटिंग फॉर द बस’. “मला समजावून सांगा” याचं ‘एक्सप्लेन मी’ होत नाही, ‘एक्सप्लेन इट टू मी’ होतं.

विभक्ती जशीच्या तशी उचलली की पुढचे घोटाळे होतात. “माझ्यावर रागावला” म्हणून ‘अँग्री ऑन मी’, हवं ‘अँग्री विथ मी’. “गणितात हुशार” म्हणून ‘गुड इन मॅथ्स’, रूढ आहे ‘गुड ॲट मॅथ्स’. “तिचं डॉक्टरशी लग्न झालंय” म्हणून ‘मॅरीड विथ’, हवं ‘शी इज मॅरीड टू अ डॉक्टर’. “बसमध्ये आहे” म्हणून ‘इन द बस’, पण इंग्रजीत बस, रेल्वे, विमान यांना ‘ऑन’ म्हणायची रीत आहे, आणि मोटारीला ‘इन’. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ‘ऑन’, असं लक्षात ठेवलं तर सहसा चुकत नाही.

‘आय ॲम बोरिंग’ म्हटल्यावर समोरचा हसला. का?

कारण त्याचा अर्थ झाला “मी कंटाळवाणा माणूस आहे.” “मला कंटाळा आलाय” ते ‘आय ॲम बोर्ड’. ज्याला वाटतं त्याला ‘ड’, ज्याच्यामुळे वाटतं त्याला ‘इंग’. सिनेमा ‘बोरिंग’, बघणारा ‘बोर्ड’. विषय ‘इंटरेस्टिंग’, विद्यार्थी ‘इंटरेस्टेड’. मराठीत भावना आपल्याकडे चालत येतात: मला कंटाळा येतो, मला राग येतो, मला ताप येतो. इंग्रजीत “मला” उठून कर्त्याच्या जागी बसतो: ‘आय ॲम बोर्ड’, ‘आय ॲम अँग्री’, ‘आय हॅव अ फीवर’.

नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ म्हणायचं की ‘नो’?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक महागात पडू शकते. मराठीत “तू औषध दिलं नाहीस का?” असं विचारलं आणि दिलं नसेल, तर आपण म्हणतो, “हो, नाही दिलं.” आपला “हो” विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीतला ‘येस’ विचारणाऱ्याकडे बघतच नाही, घडलेल्या गोष्टीकडे बघतो. दिलं असेल तर ‘येस’, दिलं नसेल तर ‘नो’, प्रश्न कसाही विचारलेला असो.

परदेशी रुग्णालयात निघालेल्या एका नर्सबरोबर आम्ही हा प्रसंग वर्गात करून पाहिला. मी विचारलं, ‘हॅवन्ट यू गिव्हन हिम द टॅबलेट?’ ती मान हलवत म्हणाली, ‘येस, मॅडम.’ तिच्या मनात होतं “हो, नाही दिली अजून.” इंग्रजी ऐकणाऱ्याला कळलं “दिली.” सगळा वर्ग क्षणभर गप्प झाला. त्या दिवसापासून मी एकच सांगते: नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणून थांबू नका, पूर्ण वाक्य बोला. ‘नो, आय हॅवन्ट गिव्हन इट येट.’

‘आय हॅव अ डाउट’ याला परदेशी सहकारी का दचकतात?

मराठीत शंका म्हणजे न समजलेली गोष्ट आणि शंका म्हणजे संशयसुद्धा. वर्गात “कुणाला काही शंका?” असं विचारतात तेव्हा पहिला अर्थ असतो. इंग्रजी ‘डाउट’कडे झुकतो तो दुसरा. एका विद्यार्थ्यानं परदेशी ग्राहकाला फोनवर ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर इन्व्हॉइस’ म्हटलं आणि ग्राहक दुखावला. त्याला वाटलं, याला माझ्या बिलावर विश्वास नाही. म्हणायचं होतं एवढंच: ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युअर इन्व्हॉइस.’

वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ लावायची सवय कशी मोडायची?

ही “च”ची करामत. “मी नाशिकचाच आहे” म्हणून ‘आय ॲम फ्रॉम नाशिक ओन्ली’. इंग्रजीत “च”ला शब्द नाही. आवाजाचा जोर तरी वापरतात नाहीतर वाक्य फिरवतात. “तोच म्हणाला” याचं ‘ही वॉज द वन हू सेड इट.’ “कालच आलो” याचं ‘आय केम जस्ट येस्टरडे.’ कधी कधी “च” सोडून द्यावा लागतो. नाशिकच्या वाक्यात सोडून द्या.

द्विरुक्तीचंही असंच. गरम गरम चहा ‘हॉट हॉट टी’ होत नाही, ‘पाइपिंग हॉट टी’ होतो. हळूहळू म्हणजे ‘ग्रॅज्युअली’, ‘स्लोली स्लोली’ नव्हे.

‘माय हेअर्स आर फॉलिंग’ मध्ये ‘एस’ का नको? केस तर अनेक असतात!

मराठीत “केस गळतात” असं अनेकवचन आहे, पण इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’, एकवचनी: ‘माय हेअर इज फॉलिंग आउट.’ भाजीत दोन केस सापडले तर मात्र ‘टू हेअर्स’. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट यांनाही ‘एस’ लागत नाही. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ दिसतो तरी तो एकवचनीच: ‘द न्यूज इज गुड.’ याउलट कात्री एक असली तरी ‘सिझर्स’, पँट एक असली तरी ‘पँट्स’.

आणि ‘वन ऑफ माय फ्रेंड’ नको, ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ हवं. “मित्रांपैकी एक” असं मनात म्हणा, “मित्रां”मधलं अनेकवचन आपोआप आठवेल.

चुलतभाऊ, आतेभाऊ, जाऊ, नणंद यांना इंग्रजीत काय म्हणू?

चुलत, मामे, आते, मावस, भाऊ असो की बहीण, सगळे ‘कझिन’. ‘कझिन ब्रदर’ म्हणायची गरज नाही आणि सख्ख्या भावाला ‘रिअल ब्रदर’ म्हणायचीही नाही, तो नुसता ‘ब्रदर’. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या चौघी ‘सिस्टर-इन-लॉ’ या एकाच नावाखाली येतात. नेमकं सांगायचं असेल तर फोड करून सांगा: जाऊ म्हणजे ‘माय हसबंड्स ब्रदर्स वाइफ’. “आमचे मिस्टर” मराठीत प्रेमानं म्हणतात, पण इंग्रजीत ‘माय मिस्टर’ नाही, ‘माय हसबंड’.

घरातून निघताना “येते” म्हणते, तसं ‘आय ॲम कमिंग’ म्हणू का?

नका म्हणू. “जाते” म्हणणं आपल्याला अशुभ वाटतं म्हणून “येते”. इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही त्याच्याकडे येताय. निरोप घेताना ‘सी यू लेटर’ म्हणा. कुणी हाक मारली की आपण “आले, आले!” असा भूतकाळ वापरतो. तिथे मात्र ‘कमिंग!’ हेच हवं.

व्याकरण बरोबर असूनही माझं बोलणं उद्धट वाटतं असं सांगितलं गेलं. काय करू?

मराठीत आदर क्रियापदात असतो: दे, द्या, द्याल का, देता का जरा. तू, तुम्ही, आपण असे तीन सर्वनाम आहेत. इंग्रजीत ‘यू’ एकच आणि ‘गिव्ह’ही एकच. त्यामुळे “जरा पाणी द्या” हे सौम्य वाक्य ‘गिव्ह मी वॉटर’ झालं की हुकूम वाटतो. आपल्या “जरा”चं आणि “द्या”मधल्या आदराचं काम इंग्रजीत ‘कुड यू’ करतं: ‘कुड यू गिव्ह मी सम वॉटर, प्लीज?’ ‘आय वाँट’च्या जागी ‘आय वुड लाइक’. अमेरिकेला निघालेल्या आज्यांना मी काळांच्या आधी हे शिकवते, कारण क्रियापद चुकलं तरी माणसं समजून घेतात, सूर चुकला तर मन दुखावतं.

‘टेल मी व्हेअर इज द स्टेशन’ का चूक?

थेट प्रश्नात ‘व्हेअर इज द स्टेशन?’ बरोबर. पण त्याच्या आधी ‘टेल मी’ किंवा ‘डू यू नो’ लागलं की क्रम परत सरळ होतो: ‘टेल मी व्हेअर द स्टेशन इज.’ आणि दर वाक्याच्या शेवटी ‘इजन्ट इट?’ नको, आपलं “ना?” कुठेही चालतं, इंग्रजीत मात्र वाक्यातलं क्रियापद बघावं लागतं: ‘यू लाइक टी, डोन्ट यू?’

ऑफिसच्या ईमेलमधले ‘रिव्हर्ट’, ‘डू द नीडफुल’, ‘प्रीपोन’ हे सगळं चूक आहे का?

एका तराजूत तोलू नये. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) हा भारतात रूढ झालेला शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. भारतात खुशाल वापरा, परदेशी माणसाशी ‘मूव्ह अप’ किंवा ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा. ‘आउट ऑफ स्टेशन’ इंग्रजी अमदानीतलं, अधिकाऱ्याच्या नेमणुकीचं गाव म्हणजे ‘स्टेशन’. ‘डू द नीडफुल’ जुन्या कचेरीच्या भाषेतून राहिलं आहे, आज ‘प्लीज अप्रूव्ह द लीव्ह’ असं नेमकं काम सांगितलेलं बरं. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला जाणं, उत्तर हवं असेल तर ‘रिप्लाय’ लिहा. ‘रिव्हर्ट बॅक’, ‘रिटर्न बॅक’, ‘रिपीट अगेन’ यांतला दुसरा शब्द फुकट खर्च होतो.

खऱ्या चुका दोन. ‘मायसेल्फ’ म्हणून स्वतःची ओळख करून देणं. तिथे ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ हवं. आणि ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. तिथे ‘टू मीटिंग यू’ हवं.

आपण मराठीत वापरतो ते इंग्रजी शब्द तसेच बाहेर चालतात का?

सगळे नाही. आपण “हॉटेलात” जेवतो. इंग्रजीत ‘हॉटेल’ मुख्यतः मुक्कामाचं ठिकाण, जेवायचं ते ‘रेस्टॉरंट’. उन्हाचा “गॉगल” म्हणजे ‘सनग्लासेस’. “झेरॉक्स” हे कंपनीचं नाव, साधा शब्द ‘फोटोकॉपी’. मोटारीची “डिकी” ब्रिटनमध्ये ‘बूट’, अमेरिकेत ‘ट्रंक’. “स्टेपनी” हा शब्द वेल्समधल्या एका कारखान्याच्या जादा चाकावरून आला; आज इंग्रजीत ‘स्पेअर टायर’ म्हणतात.

‘लूज’ या उच्चाराचे दोन शब्द आहेत म्हणे?

उच्चारही दोन आहेत. ढगळ शर्ट तो ‘लूस’, शेवटी “स”, स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’. हरवणं ते ‘लूझ’, स्पेलिंगमध्ये एक ‘ओ’. असाच फरक सल्ल्यात: सल्ला हे नाम ‘ॲडव्हाइस’, सल्ला देणं हे क्रियापद ‘ॲडव्हाइझ’.

आयईएलटीएसमध्ये, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेत, व्याकरणाला किती महत्त्व असतं?

लेखनात चार निकष समान वजनाचे असतात: विचारलेल्याला उत्तर देणं, मुद्द्यांची सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. म्हणजे व्याकरणाचा वाटा एक चतुर्थांश. त्यातही नुसती शुद्धता पाहत नाहीत, वाक्यांची विविधताही पाहतात. चूक होऊ नये म्हणून सगळी चार-चार शब्दांची वाक्यं लिहिलीत तर गुण कमी पडतात. स्पेलिंग ब्रिटिश किंवा अमेरिकन, कोणतंही चालतं, फक्त दोन्हींची सरमिसळ करू नका.

योग्य वापर कुठे तपासायचा?

इंग्रजी-मराठी शब्दकोशात अर्थ मिळतो, वापर क्वचित मिळतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहेत. त्यांत नामाच्या शेजारी ‘सी’ असेल तर ते मोजता येतं, ‘यू’ असेल तर येत नाही. ‘फर्निचर’पाशी ‘यू’ दिसेल. क्रियापदाखालची उदाहरणं वाचा, कोणतं शब्दयोगी लागतं ते तिथेच कळतं.

‘मंगूस’चं अनेकवचन ‘मंगीस’ का होत नाही?

‘गूस’चं ‘गीस’ होतं म्हणून अनेकजण तसं करतात, इंग्रज मुलंसुद्धा. पण बदकाच्या जातीतल्या त्या पक्ष्याशी या शब्दाचं काही नातं नाही. इंग्रजीनं तो आपल्या “मुंगूस”वरून घेतला आहे, म्हणून अनेकवचन साधं ‘मंगूसेस’.